राउटराची ढाळज आणि बळद

माळवदाचा जुना वाडा ज्यांनीं आंतून पाहिला आहे, त्यांस हा विषय अवघड जाऊं नये. ढाळजेंत कोणीही येऊन बसावें. माजघरांत घरच्यांच्या अनुज्ञेनेंच जावें. आणि बळदांतील धान्यास हात लावणें हें तर घरधन्याचेंच काम. राउटर नांवाचें जें यंत्र एका जाळ्यांतील संदेश दुसऱ्या जाळ्यांत पोंचवितें, त्याची रचनाही अशीच आहे. १९८४ सालीं निघालेल्या सिस्को कंपनीच्या राउटरांवरून ती आम्ही येथें सांगतों.

यंत्राशीं संबंध जुळतांच पडद्यावर यंत्राचें नांव व त्यापुढें > हें चिन्ह दिसतें. ही ढाळज. येथें थोडेंबहुत पाहतां येतें, बदलतां कांहींच येत नाहीं. ‘इनेबल’ हा शब्द लिहून परवलीचा शब्द दिला म्हणजे चिन्ह # होतें. आतां सर्व कांहीं पाहतां येतें. पुढें ‘कॉन्फिगर टर्मिनल’ लिहिलें कीं कंसांत ‘कॉन्फिग’ उमटतें, आणि येथपासून प्रत्येक ओळ तत्काळ अंमलांत येते. त्याच्याही आंत एकेका तारेच्या तोंडाची, म्हणजे ‘इंटरफेस’ची, कोठडी असते. आपण कोठें आहों हें चिन्हच सांगतें. तें न वाचतां आज्ञा लिहिणारा विद्यार्थी हटकून अडतो. अडल्यास नुसतें प्रश्नचिन्ह लिहावें; त्या ठिकाणीं चालणाऱ्या आज्ञांची यादी यंत्र स्वतःच पुढें ठेवतें.

परतण्याची वाट मात्र थोडी फसवी आहे. ‘एक्झिट’नें एकेक पायरी मागें येतां येतें, ‘एंड’नें थेट # पाशीं. पण # पाशीं पुन्हां ‘एक्झिट’ लिहिलें तर ढाळजेंत न येतां आपण वाड्याबाहेरच पडतों! ढाळजेंत यावयाचें तर ‘डिसेबल’ लिहावें.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतु नेण्याची योजना २०११ सालीं मंजूर झाली. तीच पुढें भारतनेट म्हणून ओळखली जाऊं लागली. घाटनांदूरसारख्या गांवीं असलेलें यंत्र सांभाळणारा मनुष्य पुष्कळदां दूरच्या शहरीं बसलेला असतो. ज्या तारेनें तो आंत शिरला, त्याच तारेच्या कोठडींत ‘शटडाउन’ लिहिलें तर दार आंतून लागतें आणि गांवचें काम ठप्प होतें. आम्हांकडून हें एकदां घडलें आहे. तेव्हां तीन तास प्रवास करून यंत्रापाशीं जावें लागलें. म्हणून जाणते लोक बदलापूर्वीं ‘रीलोड इन १०’ लिहून ठेवतात. चूक होऊन संबंध तुटला, तर दहा मिनिटांनीं यंत्र पुन्हां सुरू होऊन जतन केलेल्या जुन्या मांडणीवर येतें. सारें ठीक असल्यास ‘रीलोड कॅन्सल’ लिहावें.

त्यानंतर ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. ती राहिली, तर वीज जातांच दिवसभराचें काम पुसलें जातें; आणि आमच्याकडे वीज केव्हां जाईल हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको.