काकवी केव्हां आंबते ? किण्वपेशींतील निरोपांचें नियमन

गुऱ्हाळावर काकवी करणाऱ्यास हें ठाऊक असतें कीं, घट्ट काकवी बरणींत टिकते. तींत पाणी गेलें कीं ती फसफसूं लागते. 2014 सालीं भौगोलिक मानांकन मिळालेल्या आमच्या कोल्हापुरी गुळाचा रवाही पावसाळ्यांत ओल धरून पाघळला म्हणजे आंबूस वास देतो. साखर तीच, मग घट्टपणांत किण्व कां थांबतें?

दाट पाकांत पडलेल्या किण्वपेशींतील पाणी बाहेर ओढलें जातें. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींस पाणी सुटतें, तसेंच हें. पेशी आक्रसते. तिच्या आवरणांतील 'स्लन-1' व 'शो-1' हीं प्रथिनें ही अडचण ओळखतात आणि निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो. शेवटच्या टप्प्यांत मागचें प्रथिन पुढच्यास स्फुरदाचा अंश जोडून जागें करतें. (आपण शेतास देतों तेंच हें स्फुरद !) अखेर 'हॉग-1' हें प्रथिन कांहीं मिनिटांत पेशीच्या केंद्रांत शिरतें. हा मार्ग 1993 सालीं उघडकीस आला. मग पेशी साखरेपासून ग्लिसरॉल बनवूं लागते, व तें बाहेर जाण्याचें द्वारही मिटून घेते. आंत ग्लिसरॉल सांठलें म्हणजे पाणी परत येतें.

आम्हांस याहून अधिक नवल वाटतें तें निरोप थांबविण्याचें. पेशी फुगून पूर्ववत् झाली कीं दुसरीं प्रथिनें 'हॉग-1' वरील स्फुरद काढून घेतात. ताण बेताचा असल्यास हें सारें सुमारें अर्ध्या तासांत उरकतें. प्रयोगशाळेंत 'स्लन-1' नाहींसें केलें असतां निरोप अखंड चालूं राहतो, आणि बाहेर कसलाही ताण नसतांना पेशी मरते. पाट फोडला तर तो वेळेवर बांधावाही लागतो, हें बागाईतदारास सांगावयास नको.

आतां यांत आपला संबंध काय ? 100 भाग ग्लुकोजपासून फार तर 51 भाग मद्यार्क मिळतो. ग्लिसरॉलकडे वळलेली साखर त्यांतून वजा होते. मळींत जवळजवळ निम्मी साखर असते, म्हणून कारखान्यांत ती पाणी घालून पातळ केल्यावरच किण्वास देतात. फार पातळ करावी, तर वाफ व सांडपाणी वाढतें.

काकवीचें उलट आहे. तेथें घट्टपणा इतका कीं, सामान्य किण्वाचें ग्लिसरॉल अपुरें पडतें. दाट पाकांतही तग धरणाऱ्या कांहीं जाति आहेत खऱ्या, पण त्यांसही ओल लागतेच. यास्तव गरम काकवी भरून लागलीच झांकण लावूं नये. झांकणाखालीं वाफेचें पाणी जमून वरचा थर पातळ होतो, आणि आंबणें तेथूनच सुरू होतें. काढावयाचा डावही कोरडा असावा.