कायद्यापुढील समता व फळाची समता

‘समान’ हा शब्द आपण सहज उच्चारतों; पण त्याच्या पोटांत दोन निराळे अर्थ आहेत. एक असा कीं, कायदा सर्वांस एकाच मापानें मोजील. दुसरा असा कीं, शेवटीं सर्वांच्या पदरीं सारखेंच पडेल. ह्या दोहोंमधील अंतर महाडच्या चवदार तळ्यावरून चांगलें कळतें, म्हणून ती हकीकत आम्हीं अभ्यासास घेतली आहे.

सन १९२३ मध्यें सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळांत मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्या, असा त्याचा आशय. पुढील वर्षीं महाड नगरपालिकेनेंही चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. कागदावर समता पूर्ण झाली. तरी तीन वर्षें अस्पृश्यांस तेथें पाणी भरतां आलें नाहीं. कायदा आड आला नव्हता. ज्याच्या शेतांत मजुरी, ज्याच्या दुकानांत उधारी, त्याच्याच देखत ओंजळ भरावयाची. हें भय कोणत्या ठरावानें जाणार? २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्याच दिवशीं लोकांस मारहाण झाली, आणि मागाहून शेण-गोमूत्र घालून तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. (गुरें तेथें पाणी पीत, त्यांच्यानें तें कधीं बाटलें नव्हतें.) ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. डिसेंबरांत कांहीं सवर्णांनीं दावा लाविला. त्याचा अखेरचा निकाल मुंबई हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं अस्पृश्यांच्या बाजूनें दिला. एका ओंजळीसाठीं दहा वर्षें!

तर मग कायदा निरुपयोगी म्हणावा काय? मुळींच नाहीं. तो ठराव नसता तर तळ्याकडे जाणाऱ्यांस कशाच्या आधारें उभें राहतां आलें असतें? उलट, समता म्हणजे प्रत्येकाच्या खळ्यांत सारखेंच धान्य, असा अर्थ कोणी घेईल तर तोही आम्हांस मान्य नाहीं. कष्टाळू व आळशी ह्यांचें पीक सारखें करावयाचें तर सरकारास रोज प्रत्येकाच्या कणगींत हात घालावा लागेल. विचारावयाचें तें हें, कीं पेरणीच्या वेळीं दोघांजवळ बैल होते काय? राज्यघटनेच्या १४ व्या अनुच्छेदांत कायद्यापुढें समता व कायद्याचें समान संरक्षण, अशा दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पुढें १९५१ सालीं मद्रासची कॉलेजांतील जातवार जागावाटणी सुप्रीम कोर्टानें रद्द केली, तेव्हां त्याच वर्षीं घटना दुरुस्त करून मागासलेल्या वर्गांसाठीं विशेष तरतुदीची वाट मोकळी करण्यांत आली.

आतां आपल्या मंडळ्यांचा प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेविला. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती झालेल्यांस तो मिळालेला नाहीं. एकाच घरांतील दोघे भाऊ, एक बौद्ध व एक ख्रिस्ती, एकाच पाणवठ्यावर टोचून बोलणें ऐकतात, पण दाखला एकासच मिळतो. मद्रासेंत रस्त्याच्या कडेला जोडे शिवणाऱ्या एका ख्रिस्ती मनुष्यास, हिंदु चर्मकारांस सरकारनें दिलेली टपरी मिळाली नाहीं. त्यानें दाद मागितली. सुप्रीम कोर्टानें १९८५ सालीं अर्ज फेटाळला. ख्रिस्ती समाजांतही तीच हलाखी तितक्याच तीव्रतेनें भोगावी लागते, असा पुरेसा पुरावा पुढें आला नाहीं, असें कारण दिलें.

म्हणून उपदेशक बंधूंनीं येत्या बैठकींत घरोघरच्या लोकांस विचारावें : गांवांत आपणांस पाणी कोठें भरूं देतात? मजुरी मागावयास गेलें असतां जात विचारतात काय? आणि मंडळीच्या आंत, सोयरीक जुळवितांना, आपण स्वतः ती विचारतों काय? उत्तरें आलीं तशीं, न सजवितां, वहींत उतरून घ्यावीं.