विमानतळावरचा एक तास

पांढुर्णा-सौंसरहून विमानाने जायचे तर आपल्याला आधी नागपूरचे सोनेगाव गाठावे लागते. तिथे थांबण्याचा एक तास मात्र सर्वांना सारखा वाटत नाही. घड्याळ तर एकच. मग असे का?

१९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाची अदलाबदल करून परतत. प्रवासीही येथे विमान बदलत. टपालाच्या थैलीला वाट पाहणे जाणवत नाही, माणसाला जाणवते.

डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये याची कारणे मांडली. रिकामा वेळ लांबतो, कामातला लवकर सरतो. काळजीने वेळ वाढतो. कारण न कळलेला उशीर अधिक छळतो. सोबत असली की वाट पाहणे सुसह्य होते.

म्हणून पालकहो, घरचे वडीलधारे पहिल्यांदाच एकटे विमानाने निघाले, तर सामान कुठे द्यायचे, तपासणी कुठे होते, हे आधीच नीट समजावून सांगावे, अशी आमची विनंती आहे. त्यांचा निम्मा ताण तिथेच उतरेल.

स्वाध्याय : घड्याळ न पाहता दहा मिनिटांचा अंदाज करा, एकदा रिकामे बसून, एकदा गोष्ट वाचत. फरक वहीत लिहा.