पहिली जागा आणि उघडे दार

शास्त्रभाग : योहानाचे तिसरे पत्र (संपूर्ण). जोडवाचन : मार्क 10:35–45, योहान 13:1–17, 2 योहान 7–11.



योहानाचे तिसरे पत्र आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचले जाते. मूळ ग्रीक भाषेत शब्दांची गणती केली, तर नव्या करारातील हे सर्वांत लहान पुस्तक होय. त्यात तारणाच्या सिद्धांताचे विवेचन नाही. एका लहान मंडळीतील तंटा तेवढा त्यात आहे. तथापि देवाच्या योजनेने ते पवित्र शास्त्रात राहिले. ज्या मंडळीत दहापंधराच घरे असतात, आणि जेथे प्रत्येकास प्रत्येकाच्या चुलीची बातमी असते, अशा मंडळीने तर ते वरचेवर वाचावे.

1. पत्राचा प्रसंग

लिहिणारा आपले नाव सांगत नाही. तो स्वतःस केवळ ‘वडील’ म्हणवितो. परंपरेने त्यास प्रेषित योहान मानले आहे. पत्र गायस नावाच्या प्रिय बंधूस आहे. प्रसंग असा की, काही बंधू प्रभूच्या नावासाठी गावोगाव फिरत असत आणि परराष्ट्रीयांपासून काही घेत नसत (वचन 7). मग त्यांनी रात्री कोठे उतरावे? पुढच्या गावापर्यंत त्यांची सोय कोणी करावी? विश्वासणाऱ्यांच्या घरांवाचून त्यांस आसरा नव्हता.

त्या काळी मंडळ्या घरांतच जमत (रोमकरांस 16:5, फिलेमोन 2). सिरिया देशात दुरा-युरोपस येथे 1931-32 च्या उत्खननात असे एक घर सापडले. तिसऱ्या शतकात दोन खोल्यांमधील भिंत काढून तेथे उपासनेसाठी एक दालन केले होते. त्यात साठसत्तर माणसे बसू शकली असती. गायसाचा काळ ह्याच्याही पूर्वीचा. तेव्हा त्याची मंडळी आपल्या मंडळीहून फार मोठी नसावी. आणि जी मंडळी घरात भरते, तिच्यात दार ज्याच्या हाती त्याच्या हाती पुष्कळ काही असते.

2. गायस : दार उघडणारा

गायसाने उपदेश केल्याचे पत्रात लिहिलेले नाही. त्याने अनोळखी बंधूंस घरात घेतले, आणि त्यांनी मंडळीसमोर त्याच्या प्रीतीची साक्ष दिली (वचने 5, 6). एवढ्यावरून वडील म्हणतो की, अशांस आश्रय देणारे सत्याचे सहकारी होतात (वचन 8). जी भगिनी उपदेशकासाठी दोन भाकरी अधिक थापते, तिचा वाटा सुवार्तेच्या कामात उपदेशकाच्या बरोबरीचा आहे, असे ह्यावरून ठरते.

आपल्या महाराष्ट्रातही सुवार्ता वाटसरूंच्या पायांनी आली. गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईस उतरले. 1826 च्या मार्च महिन्यात नाशिकाकडे सुवार्तेच्या फेरीवर असता वाटेतच पटकीने त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार छापून झाला. अशा वाटसरूंस ज्यांनी कोठेकोठे ओसरी दिली असेल, पाण्याचा तांब्या पुढे केला असेल, त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. प्रभूस ठाऊक आहेत.

तरी दार डोळे मिटून उघडावयाचे नाही. ख्रिस्ताची शिकवण मोडणाऱ्यास घरात घेऊ नये, असे दुसरे पत्र सांगते (2 योहान 10). ‘बारा प्रेषितांची शिकवण’ ह्या प्राचीन पुस्तकातही नियम आहे की, फिरत्या प्रेषिताने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तो तिसऱ्या दिवशीही राहिला, अथवा निघताना पैसे मागू लागला, तर त्यास खोटा समजावे. पारख करावी, पण पारखीच्या नावाखाली दार कायमचे लावून घेऊ नये.

3. दियत्रफेस : दार लावणारा

दियत्रफेस खोटी शिकवण देत होता, असा आरोप वडील त्याच्यावर ठेवीत नाही. त्याचा दोष एकच सांगितला आहे : त्यास पहिली जागा आवडे (वचन 9). मूळ ग्रीकात हा दोष सांगणारा जो एक शब्द आहे, तो नव्या करारात दुसरीकडे कोठेही येत नाही. ह्या एका आवडीतून काय काय उपजले ते दहाव्या वचनात पाहा. प्रथम तो वाईट शब्दांनी वडिलांची निंदा करू लागला. मग बंधूंचा स्वीकार करीनासा झाला. पुढे जे स्वीकार करू इच्छित त्यांस आडवा आला. शेवटी त्यांस मंडळीबाहेर घालवू लागला.

बंधूंनो, ही वाट आपल्या गावातूनही जाते. कोणी म्हणतो, “गावात पहिला बाप्तिस्मा आमच्या घरात झाला.” कोणी म्हणतो, “मंदिराची जागा माझ्या आजाने दिली.” एकाच्या कमरेला किल्ली असते, एकाजवळ वर्गणीची वही असते, आणि ती वही दुसऱ्या कोणी पाहिलेली नसते. उपदेशकही ह्यातून सुटत नाही. आपल्यावाचून दुसऱ्याने प्रार्थना चालविली की त्याचे मन खट्टू होते.

ह्याहून भयंकर गोष्ट ही की, काही ठिकाणी पूर्वीची जात मंदिराच्या दारात येऊन उभी राहते. दुसऱ्या वस्तीतले एखादे कुटुंब ख्रिस्ताकडे येते. त्याचे भाऊबंद त्यास सोडतात. ते रविवारी आपल्या मंडळीत येते, आणि येथे त्यास मागे बसविले जाते, प्रभुभोजनाच्या वेळी कुजबूज होते. मागचे दार त्यांनी स्वतः लावून घेतले. पुढचे आपण लावले. मग त्या लेकराबाळांनी जावे कोठे? ज्या मेजावर प्याला जातीप्रमाणे फिरतो, त्यास प्रभूचे मेज कोणत्या तोंडाने म्हणावे?

4. वडिलाचा उपाय

वडिलाने प्रथम मंडळीस लिहिले होते. दियत्रफेसाने ते मानले नाही. आता वडील काय करितो? दुसरी मंडळी काढण्यास तो गायसास सांगत नाही. आपण येऊ तेव्हा त्याच्या कृत्यांची आठवण देऊ, असे तो म्हणतो; शाईलेखणीने फार न लिहिता समोरासमोर बोलावे, अशी त्याची इच्छा आहे. दियत्रफेसाचे शस्त्र निंदा होते. त्यास उत्तर पाठीमागच्या निंदेने द्यावयाचे नाही. मत्तय 18:15–17 येथे प्रभूने घालून दिलेला क्रम हाच आहे : आधी एकट्याने, मग एकदोघांसह, मग मंडळीसमोर.

तोवर गायसाने वाइटाचे नव्हे, चांगल्याचे अनुकरण करावे (वचन 11). त्यासाठी देमेत्रियाचे उदाहरण दिले आहे. त्याच्याविषयी सर्वांनी चांगली साक्ष दिली. हे पत्र घेऊन तोच गायसाच्या दारी आला असावा, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. अखेरीस मित्रांस नावाने सलाम सांगण्याची विनंती आहे. लहान मंडळीचे हे भूषण होय की, तिच्यात कोणीही बिननावाचा राहू नये.

आपल्या मंडळीत इतके तरी करिता येईल : वर्गणी दोघांनी मोजावी, हिशेब दर महिन्यास वाचून दाखवावा, किल्ली पाळीपाळीने द्यावी, आणि नव्या कुटुंबास पुढच्या चटईवर बसवावे.

5. उपदेशकांस सूचना

प्रथम सर्व पत्र सावकाश मोठ्याने वाचावे. तीनचार मिनिटे पुरतील. मग ज्यांस वाचता येत नाही त्यांच्याकडून तिघांची गोष्ट सांगवून घ्यावी. गावातील कोणा मनुष्यास दियत्रफेस ठरवू नये. तसे केल्यास धडा तेथेच संपेल व भांडण सुरू होईल. प्रत्येकाने त्यास आपल्याच अंतःकरणात शोधावे, उपदेशकाने सर्वांच्या आधी.

मननासाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत शेवटचे नवे कुटुंब केव्हा आले? ते आज कोठे बसते?
2. माझ्या हाती असलेले कोणते काम मी दुसऱ्यास करू देत नाही? का?
3. ज्या बंधूविषयी मी इतरांशी बोलतो, त्याच्याशी मी स्वतः बोललो आहे काय?

ज्या प्रभूचा पहिल्या जागेवर खरोखर हक्क होता, तो जेवणावरून उठला, कमरेस रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. येत्या रविवारी मंदिराचे दार उघडताना ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू या. त्याची कृपा तुम्हां सर्वांवर असो. आमेन.