आधी घरचे ताट, मग बाजाराची वाट

शेतात पिकते ते प्रथम माणसाच्या पोटासाठी, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती लिहून सांगण्याचे कारण पडू नये. तथापि खेडोपाडी हिंडताना पुष्कळदा असे दिसते की, ज्या शेतकऱ्याच्या घरून भाजीपाल्याच्या जाळ्या, दुधाचे कॅन आणि धान्याची पोती शहराकडे जातात, त्याच्याच घरच्या ताटात भाजी नाही, आमटी पातळ आहे आणि दूध चहापुरते उरले आहे. असे का व्हावे, याविषयी लोकांच्या समजुती काय आहेत, त्यांत खरे किती आणि खोटे किती, व आपल्या शेतात आणि स्वयंपाकघरात काय केले असता ही स्थिती पालटेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या पीक-पाहणीसाठी मी एका गावी गेलो होतो. पीक उत्तम होते. दुपारी शेतकऱ्याने आग्रहाने घरी जेवावयास नेले. ताटात रेशनच्या तांदळाचा भात, विकत आणलेल्या डाळीची आमटी आणि लोणचे होते. भाकरी नव्हती, भाजीही नव्हती. वाढताना घरच्या बाईंना संकोच वाटत असावा. त्या म्हणाल्या, "साहेब, पूर्वी ह्या रानात बाजरी असायची. तिच्यात तूर, मटकी, हुलगा, चवळी, कडेला अंबाडी. घरचं सगळं व्हायचं. आता विकायला पुष्कळ होतं, पण शिजवायला काही उगवत नाही."

त्याच घरातील तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे शाळेतील तपासणीत आढळले होते. ती दारात बसून आमचे बोलणे ऐकत होती.

सांगावयास संकोच वाटतो, परंतु सांगितले पाहिजे. तणनाशक फवारणे आणि यंत्राने काढणी करणे सोयीचे जावे म्हणून इरवडीच्या ओळी बंद करा, असा सल्ला त्या गावच्या सभेत मीच दिला होता. एकरी उताऱ्याचा माझा हिशेब चुकला नव्हता. पण त्या हिशेबात घरच्या ताटाचा रकानाच नव्हता.

प्रश्न किती मोठा आहे

ही एका घरची गोष्ट नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंतांचा उपद्रव, वारंवारची बाळंतपणे आणि आजारपण ही त्यांतील काही होत. परंतु निकस आहार हे त्यांतील एक मोठे कारण आहे, आणि ते दूर करणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

ताट कसे असावे, याचे मार्गदर्शन भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केले आहे. दररोज २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाने सुमारे २५० ग्रॅम तृणधान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलीलीटर दूध घ्यावे, असे त्यात सुचविले आहे. आपल्याकडे तृणधान्याचा वाटा याहून मोठा असतो व बाकीचे वाटे लहान असतात. पोट भरते, पण शरीराची भूक तशीच राहते.

काही रूढ समजुती

पहिली समजूत : "भाकरी गरिबाची, पोळी पाहुण्याची." गव्हाची पोळी व पांढरा भात यांना आपण प्रतिष्ठा दिली आणि ज्वारी, बाजरी व नाचणी यांना चुलीच्या कोपऱ्यात बसविले. वास्तविक १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, तर तितक्याच सडलेल्या तांदळात ते १० मिलीग्रॅमदेखील नसते. बाजरीत लोह सुमारे ६ मिलीग्रॅम आहे, सडलेल्या तांदळात ते एक मिलीग्रॅमही भरत नाही. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शहरातील दुकानांत आज ज्वारीचा भाव पुष्कळदा गव्हापेक्षा अधिक असतो. जगाने मान दिलेले धान्य आपणच पाहुण्यापासून लपवावे, हे योग्य नव्हे.

दुसरी समजूत : "रेशनचे धान्य आहे, मग पिकवावयाचे कशाला?" २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा गरीब कुटुंबास मोठा आधार आहे, त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु मुख्यत्वे गहू-तांदूळ असलेल्या या आधाराने ताटाचा एकच कोपरा भरतो. डाळ, भाजी व दूध यांची जागा त्याने भरून निघत नाही.

तिसरी समजूत : "चांगले विकावे, उरलेले खावे." सर्वांत अधिक नुकसान या समजुतीने होते. निवडक भाजी बाजारात, अंडी दुकानात, दूध डेअरीत, आणि किडके-वाकडे ते घरात! पैसा लागतो हे खरे आहे. पण खळ्यावर तूर विकावयाची आणि चार महिन्यांनी तिचीच डाळ चढ्या भावाने आणावयाची, यात कुठला व्यवहार साधतो? शिवाय हातचा पैसा खते, औषधे व कर्ज यांकडे आधी जातो. भाजीसाठी तो क्वचितच उरतो.

चौथी समजूत : "बाईने सर्वांचे झाल्यावर जेवावे." मागे उरेल ते खावयाचे, अशी रीत असली की डाळ-भाजी संपलेली असते आणि भाकरीबरोबर चटणी राहते. गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस याचा फार त्रास होतो व तो पुढे बालकास भोगावा लागतो. सर्वांची ताटे एकदम वाढावीत. यास एक पैसाही खर्च नाही.

पाचवी समजूत : "पाच रुपयांच्या पुडीने मूल खूश होते." अशा तळलेल्या, खारट खाऊने भूक मरते आणि मूल जेवणाला पाठ फिरविते. त्याऐवजी शेंगदाणा-गुळाचा लाडू, भाजलेले हरभरे, मुरमुरे-शेंगदाणे किंवा चालत असल्यास उकडलेले अंडे द्यावे.

सहावी समजूत : "हे सारे रांधावयास वेळ कोठे आहे?" ही मात्र समजूत नव्हे, खरी अडचण आहे. सकाळी शेतात व संध्याकाळी चुलीपाशी राबणाऱ्या स्त्रीला केवळ उपदेश करून भागणार नाही. दळण आणणे, पाणी भरणे, भाजी निवडणे ही कामे पुरुषांनी व मोठ्या मुलग्यांनी वाटून घेतली पाहिजेत. घरचे सकस अन्न हवे असेल तर घरचे श्रमही घराचे असावेत.

शेतात काय करावे

(१) घरचा पट्टा : शक्य त्या प्रत्येक कुटुंबाने खरिपात निदान १० गुंठे जमीन घरच्या ताटासाठी राखावी. काढणी यंत्रास अडथळा नको असेल तर हा पट्टा शेताच्या एका कडेस घ्यावा. पाच माणसांच्या कुटुंबास वर लिहिलेल्या प्रमाणात वर्षाला दीड क्विंटलाहून थोडे अधिक कडधान्य लागते. दहा गुंठ्यांत चांगल्या वर्षी ८० ते १०० किलो तूर होऊ शकते व तिच्यापासून घरगुती रीतीने सुमारे ७० टक्के डाळ पडते. म्हणजे गरजेचा मोठा हिस्सा एवढ्यातच निघतो.

(२) इरवड : उरलेली गरज आंतरपिकांतून भागवावी. बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ, किंवा कपाशीच्या ओळीआड मूग अथवा उडीद घ्यावा. मूग-उडीद सुमारे ६५ ते ७५ दिवसांत निघतात, त्यांच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीस नत्र मिळते आणि कपाशी दगावली तरी घरात काही येते. मटकी व हुलगा हलक्या जमिनीतही तग धरतात.

(३) वाण : रब्बी ज्वारीसाठी मोहोळ येथे निवडलेला मालदांडी ३५-१ हा जुना वाण भाकरीसाठी आजही नावाजला जातो. बाजरीत लोहाचे प्रमाण अधिक असलेला 'धनशक्ती' हा वाण उपलब्ध आहे. आपल्या भागास योग्य वाणाविषयी कृषि विभागाच्या स्थानिक कर्मचाऱ्यास विचारावे.

परसबाग

पाच माणसांना दररोज दोन किलो भाजी लागते. एका गुंठ्यात ती सर्व होईल असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु पालेभाजी व बरीचशी वेलभाजी तेवढ्यात निश्चित मिळते. गुंठाभर जागा नसेल तर अर्धा गुंठा घ्यावा, तीही नसेल तर दारातला शेवगा आणि कुंपणावरचा घेवडा यांपासून आरंभ करावा.

आखणी पुढीलप्रमाणे करावी. दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असे वाफे पाडावेत. मेथी, माठ, पालक, चुका, कोथिंबीर यांचे बी सर्व वाफ्यांत एकदम न टाकता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने टाकावे, म्हणजे भाजीचा खंड पडत नाही. कुंपणावर वाल व घेवडा, मांडवावर दुधी, दोडका व कारले चढवावे. शेवगा, पपई, कढीपत्ता व लिंबू ही झाडे वाफ्यांवर सावली पडणार नाही अशा बेताने कडेला लावावीत. मोरीचे पाणी केळी व पपई यांच्या आळ्यांत सोडावे. कच्च्या खावयाच्या भाज्यांना ते देऊ नये. दर हंगामात प्रत्येक भाजीची दोन जोमदार झाडे बियांसाठी राखून ठेवावीत.

बियांचे महत्त्व अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांनी महाराष्ट्राला पटवून दिले आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या शेतकरी भगिनीने देशी वाणांच्या बियांची बँक उभारली, घरोघरी परसबागेचा प्रसार केला, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे काम राखेत घोळून गाडग्यात ठेवलेल्या बियांपासून सुरू झाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

स्वयंपाकघरात काय करावे

(१) भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. भाजी झाकण ठेवून शिजवावी व शिजविलेले पाणी फेकू नये.

(२) बाजरीची भाकरी, पालेभाजी किंवा उसळ यांच्याबरोबर लिंबाची फोड घ्यावी. 'क' जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह शरीरास अधिक लागू पडते. जेवणास लागून चहा घेऊ नये, त्याने उलट परिणाम होतो. निदान तासाभराचे अंतर ठेवावे.

(३) कडधान्ये भिजवून मोड आणून खावीत. भाजी लोखंडी कढईत केल्यास थोडे लोह तिच्यातूनही मिळते.

(४) शेवग्याच्या पाल्यास कोणी पाला समजून टाकू नये. कॅल्शियम आणि 'अ' जीवनसत्त्व यांचा तो स्वस्त साठा आहे. मूठभर पाला आमटीत टाकला तरी चालतो.

(५) बाजरीचे पीठ लवकर कडू होते, म्हणून आठवड्यापुरतेच दळावे. वेळेची ओढ असणाऱ्या घरी भाजणी करून ठेवावी. ज्वारी १ किलो, बाजरी अर्धा किलो, हरभरा डाळ व उडीद प्रत्येकी पाव किलो आणि थोडे धने वेगवेगळे भाजून एकत्र दळावे. कांदा व पालेभाजी घालून त्याचे थालीपीठ झटपट होते.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. रक्तक्षय जडला असल्यास केवळ आहारावर विसंबू नये. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्याव्यात. औषधाने उणीव भरून निघते, आणि ती पुन्हा पडू नये यासाठी आहार सांभाळावयाचा असतो.

कार्यकर्त्यांस विनंती

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या बंधुभगिनींनी पेरणीपूर्व सभेत यापुढे एक प्रश्न अवश्य विचारावा : "यंदा घरी खावयास काय पेरणार?" सभा घरच्या स्त्रियांच्या सोयीच्या वेळी घ्यावी, कारण या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांच्यापाशी असते. अंगणवाडी व आशा सेविकांना बरोबर घ्यावे. भाजीच्या बियांची पाकिटे वाटून थांबू नये. महिन्याने जाऊन वाफा पाहावा.

त्या गावी मी नंतर पुन्हा गेलो. सभेत उभे राहून माझा पूर्वीचा सल्ला अपुरा होता, असे सांगितले. कोणी हसले नाही. पुढच्या खरिपात त्या शेतकऱ्याने सोयाबीन ठेवले आणि विहिरीकडील दहा गुंठ्यांत बाजरी, तूर व मटकी पेरली. मुलीने गोळ्या नेमाने घेतल्या. मागील दारी शेवग्याची दोन झाडे लागली आहेत, आणि त्यांचा पाला खुडण्याचे काम तिने आपणहून पत्करले आहे.

येत्या पेरणीपूर्वी आपणही घरातील सर्वांसह एकदा बसावे, वर्षभरात घरी काय लागते ते कागदावर लिहावे आणि तेवढे आधी पेरावे. बाजारासाठी मग सारे रान मोकळे आहे.