लाइव्ह करायचं की मीटिंग? आधी काम पाहा, मग बटण दाबा



१६ जून ते १५ ऑगस्ट नदी-जलाशयांतली मासेमारी बंद असते. जाळी घरात, पण बोलणी याच दिवसांत असतात. बीज कुठून घ्यायचं, कोणत्या तलावात किती सोडायचं, नागपूरच्या व्यापाऱ्याला भाव काय सांगायचा. पांढुर्णा-सौंसर भागातले आपले सभासद गावोगावी विखुरलेले. दरवेळी सगळ्यांना बोलावलं तर प्रत्येकाची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून मोबाईलवर बोलायचं. आता कशावर, ते ठरवू.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: आपल्याला फक्त सांगायचं आहे, की समोरच्याचं ऐकायचंही आहे?

फक्त सांगायचं असेल तर लाइव्ह. योजनेची शेवटची तारीख, कागदपत्रांची यादी, २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाल्यावर कोणत्या कामाला कुठं जायचं, अशी माहिती यूट्यूब किंवा फेसबुक लाइव्हवर द्या. कितीही जण पाहू शकतात, कामावर असलेला भाऊ रात्री पाहतो. मोबाईलवरून यूट्यूब लाइव्ह करायला किमान ५० सबस्क्राइबर लागतात आणि पहिल्यांदा सुरू करताना २४ तास थांबावं लागू शकतं. म्हणून आदल्या दिवशी धावपळ नको. फेसबुकवरचं लाइव्ह ३० दिवसांनी निघून जातं, ते आधीच उतरवून ठेवा.

ठरवायचं असेल तर मीटिंग. रोहू-कतला-मृगलचं प्रमाण, तलावाची राखण, हिशोबावरची शंका, इथं प्रत्येकाला बोलता आलं पाहिजे. फुकटात गूगल मीट ६० मिनिटं आणि झूम ४० मिनिटं चालतं, दोन्हीत १०० जण बसतात. पाच-दहा जणांचंच काम असेल तर व्हॉट्सॲप कॉल पुरे, त्यात ३२ जण येतात.

भावाची गोष्ट लाइव्हवर कधीच नको. आपण किती खाली उतरू शकतो हे व्यापाऱ्याने आधीच ऐकलं, तर सौदा तिथंच हातचा गेला. अशी बोलणी मीटिंगमध्येच करा, लिंक फक्त सभासदांना द्या आणि अनोळखी नाव दिसलं की आधी विचारा, "भाऊ, आपण कोण?"

ठरावाचं मात्र उपविधीप्रमाणेच करा. मोबाईलवर सगळे "हो" म्हणाले म्हणून कोरम भरला असं धरू नका. मोबाईलवर चर्चा, रजिस्टरवर सही.

नेटवर्क कमी असेल तर व्हिडिओ बंद ठेवून नुसता आवाज चालू ठेवा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांनी शेजारच्या सभासदाच्या मोबाईलजवळ बसा. बोलायची पाळी मात्र त्यांनाही द्या. तलाव सगळ्यांचा आहे, तर ठरवताना कोणाचाही आवाज मागं राहू नये.