आधी सांग, मग लेझर

चि. अनिकेत,



लग्नाआधी काखेत लेझर करून घ्यायचं, म्हणजे मुलीकडच्यांना काही सांगायलाच नको, हा तुझा बेत दादाकडून कळला. लेझरला माझा विरोध नाही. लपवण्याला आहे.

हेली-हेली हा त्वचेचा आजार आपल्या घरात अण्णांपासून आहे. ते त्याला नायटा समजून जन्मभर मलम चोळत राहिले. अमेरिकेतल्या दोन हेली बंधूंनी १९३९ साली या आजाराचं वर्णन केलं. त्यामागचं जनुक हाती लागायला २००० साल उजाडलं. या जनुकात बिघाड असला की पेशीतला कॅल्शियमचा पंप नीट चालत नाही आणि त्वचेच्या पेशींची एकमेकींवरची पकड सुटते. म्हणून जिथे घाम आणि घर्षण जास्त, तिथेच आपल्याला चिरा पडतात.

कार्बन डायऑक्साइड लेझरनं त्वचेतलं पाणी तापतं आणि वरचा थर वाफेसारखा उडून जातो. खाली केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी शाबूत असतील तर तिथून नवी त्वचा येते. पुष्कळांना त्यानं वर्षानुवर्षं आराम पडतो. पण जनुक तेच राहतं. शेजारी, कधी त्याच जागी, आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. लेझर फार खोल गेला तर व्रण राहतो. आपल्या सावळ्या कातडीवर डागही उरू शकतात. म्हणून आधी लहानशा जागेवर करून बघ. जंतुसंसर्ग असेल तर तो आटोक्यात येऊ दे. जखम भरायला आठवडे लागतात, तेव्हा मुहूर्ताच्या तोंडावर नको आणि वैशाखाच्या घामातही नको. या आजारावर लेझर किती वेळा केला आहे, हे डॉक्टरांना विचारायला संकोचू नकोस.

आता मुलीचं. हा आजार स्पर्शानं लागत नाही, हे तिला सांग. प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी आहे, हेही त्याच बैठकीत सांग. लग्नानंतर कळलं तर आजार ती सोशील, फसवणूक सोसणार नाही. नकार आला तर तो तिचा हक्क. होकार आला तर डॉक्टरांकडे तिलाही घेऊन जा. काखेतली पट्टी एकट्यानं बदलता येत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनूकाका